जोड नसलेला पट्टा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते बघायची सवय कोणालाच नव्हती. घराच्या मागे अरुंद बोळ, बोळापलीकडे जिनची उंच भिंत, आणि त्या भिंतीच्या आत कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. हंगाम सुरू झाला की ती दिवसभर चालत, आणि आमचं घर त्यांच्या आवाजावर चाले. बाबा त्याच जिनमध्ये फिटर होते. सगळी यंत्रं एका लांबलचक चामडी पट्ट्यावर फिरायची, आणि त्या पट्ट्याला एके ठिकाणी जोड होता. तो जोड पुलीवरून गेला की आवाज यायचा, खट्. ढग-ढग-ढग-ढग, खट्. गंमत अशी की तो खट् ठरल्या ठेक्यावर कधीच आला नाही. जरासा रेंगाळून यायचा, एका पायानं अधू माणूस पायरी उतरताना क्षणभर थांबतो ना, तसा. आई चुलीपुढे भाकरी थापायची ती याच तालावर. चार थापा, मग हात हवेत थांबायचा, खट् आला की भाकर तव्यावर. हंगाम संपून जिन बंद झालं की पहिले दोन दिवस तिच्या भाकरी वाकड्या व्हायच्या आणि ती म्हणायची, "घराचं काळीज बंद पडल्यासारखं वाटून राहिलं बाप्पा."

माझं संगीताचं शिक्षण एवढंच. गुरू म्हणजे चामड्याचा पट्टा, तोही जुना. हाताला जे लागेल ते मी बडवायचो. परात, पालथं घमेलं, ज्वारीची कोठी. शाळेत बाक बडवला म्हणून गुरुजींनी मला बडवलं, तेव्हा त्यांच्या छडीचा ठेका सरळ होता आणि तो मला अगदीच बेचव वाटला होता. हे मी घरी सांगितलं आणि बाबांनी आणखी एक ठेका दिला.

मन्या आमच्या घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक आणि एक पोतं संत्री होती. मन्या म्हणजे मनोहर, माझ्या मामाचा मुलगा. मामांची शेती लोधीखेड्याजवळ. मुलगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला पांढुर्ण्याला बहिणीच्या घरी ठेवला. आमच्याकडे एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाहुण्यासाठी फळीवर एक पितळेचं काठाचं ताट असे. पाहुण्याला पाट, त्याच्यापुढे ते ताट, आणि जेवण झाल्यावर त्यानं ताट उचलायचं नाही. आम्ही घरच्यांनी आपापलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट घेऊन, जमिनीवर बसून जेवायचं आणि खरकटं ताट स्वतः मोरीत नेऊन विसळायचं. घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे आमच्याकडे ताट कोण उचलतं त्यावरून ठरे. मन्याला तीन दिवस पितळेचं ताट मिळालं. चौथ्या दिवशी आईनं त्याच्यापुढे जर्मनचं ताट आपटलं आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "मन्या, लाड पुरे झाले. ताट उचल बाप्पा आपलं." मन्या इतका खूश झाला की त्यानं माझंही ताट विसळून टाकलं. मी त्याला ही सवय लागू द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तो हुशार होता.

सहा वर्षं तो आमच्याकडे राहिला. एका चादरीत आम्ही झोपलो, एका फणीनं केस विंचरले, आणि एकदा तर एकाच पॅन्टवर दोघांनी दोन वेगवेगळ्या लग्नांत मिरवून घेतलं. आई रागावली की दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालायची. चूक कोणाची, ही चौकशी नंतर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मन्या नागपूरहून एक लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. कोणा मित्राच्या खोलीवर त्यानं इंग्रजी रॉकच्या कॅसेटी ऐकल्या होत्या, आणि त्याचे डोळे साधू होऊन आलेल्या माणसासारखे झाले होते. "गोप्या," तो मला म्हणाला, "आपण बॅन्ड काढून राहिलो." मला वाटलं लग्नातला. मी विचारलं, "मले टोपी भेटन का?"

तर असा आमचा बॅन्ड निघाला. मन्या गिटार वाजवायचा आणि गायचा. रामाकोना गावचा विठ्ठल, संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा, कॉलेजसाठी आमच्या गल्लीत खोली करून राहायचा. तो चार जाड तारांची दुसरी गिटार वाजवायचा आणि वाजवताना झोपल्यासारखा दिसायचा. सुधाकर प्राथमिक शाळेत मास्तर होता, त्याच्याकडे छोटा कीबोर्ड होता आणि नोकरी जाईल ही भीती होती. आणि ड्रमवर मी. बॅन्डचं नाव ऑरेंज थंडर. बाबांनी ते दोनदा नीट विचारून घेतलं आणि त्याचं मराठी केलं, सडकी संत्री. गल्लीत तेच चाललं. आम्ही मागच्या खोलीत सराव करायचो तो जिन चालू असतानाच, कारण तेव्हा कोणालाच काही ऐकू यायचं नाही. जिन बंद असताना एकदाच केला, तर समोरच्या काकू लाटणं हातात घेऊनच आल्या.

गाणी मन्याची. शाळेच्या वहीतल्या मराठीत नव्हे, आम्ही बोलायचो त्या बोलीत. एका गाण्यात संत्र्याचा ट्रक घाटात उलटायचा आणि अख्खं गाव संत्री खात रडायचं. दुसऱ्यात एक मुलगी सौंसरच्या बसमध्ये चढायची आणि कुठल्याच थांब्यावर उतरायची नाही. आणि या सगळ्याखाली माझा ठेका, मागच्या भिंतीतून शिकलेला. ढग-ढग-ढग-ढग, मग रेंगाळलेला खट्. पहिल्यांदा गणपतीत वाजवलं तेव्हा नाचणारी पोरं गोंधळली. मग त्यांना गंमत कळली. चार पावलं, पाचवा पाय हवेत, सगळे त्या खट्ची वाट बघत एका पायावर उभे, आणि तो आला की सगळे मिळून धाडकन खाली. जाम नदीपलीकडच्या सावरगावची पोरंही दुसऱ्या दिवशी येऊन शिकून गेली. पोरांनी या नाचाला लंगडी नाव दिलं. आता सांगायला हरकत नाही, गणपतीनंतरच्या चार महिन्यांत मी रस्त्यानं चाललो तरी जरा लंगडून चालायचो.

माझे ड्रम जमवाजमवीचे. छोटा लग्नाच्या बॅन्डवाल्याकडून, एका बाजूनं शिवलेला. मोठा एका शाळेच्या कवायतीतला. पायानं वाजवायचं पेडल आणि झांज मात्र बाबांनी केली. त्यांनी एक अक्षरही न बोलता जिनच्या भंगारातला पितळी पत्रा कापून, ठोकून झांज केली, आणि पेडलला जुन्या पट्ट्याचा तुकडा लावला. तोच पट्टा, जोड पुन्हा बसवताना कापून निघालेला जोडाजवळचा भाग. पायाला बसतंय का ते त्यांनी स्वतः खाली बसून पाहिलं. मग उठून म्हणाले, "वाजव. पण हाणू नको जास्त. पट्टा म्हातारा आहे." माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात माझ्या वाजवण्याबद्दल काढलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.

मग नागपूरचा एक कॅसेटवाला मन्याला भेटला. तो म्हणाला, दहा गाण्यांची मोठी कॅसेट काढू, पण आधी चार गाण्यांची छोटी काढून बघू. "पहले छोटी चलाओ, छोटी चली तो बडी दौडेगी." विठ्ठलच्या वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या बागेत बी असंच आहे. पण एका झाडावर वर्षाचे दोन्ही बहार धरू नये पोरहो, झाड जाते." आम्हाला वाटलं म्हातारा संत्र्यांबद्दल बोलतोय.

रेकॉर्डिंगला जायच्या आठवडाभर आधी मन्या एकटाच नागपूरला जाऊन आला. बोलणी करायला, म्हणाला. त्यानंतरच्या त्या आठ दिवसांत तो जरा जास्तच गोड वागत होता. आईला विहिरीचं पाणी आणून दिलं, माझं ताट विसळलं. मला वाटलं, मोठा कलावंत होणार म्हणून नम्र झाला. जाताना आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा आणि वर लिंबाचं लोणचं असा डबा चौघांसाठी बांधला. गाडीत मी आणि सुधाकरनं त्याच्यावर हात मारला. विठ्ठल एरवी पुऱ्या मोजत नसे. त्या दिवशी दोनच खाऊन खिडकीबाहेर बघत बसला.

स्टुडिओ म्हणजे एका घराच्या तीन खोल्या, भिंतींना गाद्या आणि तरटं ठोकलेली. ड्रमचा आवाज सगळीकडे घुसतो म्हणून मला बाजूच्या खोलीत बसवलं. मध्ये काचेची खिडकी. कानाला लावायची यंत्रं तीनच होती, ती त्या तिघांनी घेतली. मी काचेतून मन्याचा हात बघून वाजवायचं ठरलं. माझ्यासमोर एक माइक उभा केला. मी त्याला मनातल्या मनात नमस्कारही केला. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे वाजवलं, तसं मी ना त्याच्या आधी वाजवलं ना नंतर. बोटांची सालं निघाली. चौथ्या गाण्याला तर पट्टा, पाय, झांज, मागची भिंत, आईची भाकर, सगळं एक झालं होतं. रेकॉर्डिंगवाले साहेब काचेपलीकडून मान हलवत होते. बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वा दादा, क्या बात है." मी लाजून गादीच्या भिंतीकडे बघितलं.

महिन्याभरानं कॅसेट आली. वेष्टनावर आमचा चौघांचा जामच्या खडकांवर काढलेला फोटो. माझा अर्धा चेहरा विठ्ठलच्या केसांमागे होता, पण नाव पूर्ण होतं. ड्रम्स, गोपाल. संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या अंगणात जमली. सुधाकरनं शाळेचा टेपरेकॉर्डर आणला. आई आत चुलीपुढे होती, दार उघडं ठेवून. गाणं सुरू झालं. गिटार वाजली, मन्याचा आवाज आला, काय सुंदर आला, आणि खाली ठेका सुरू झाला. पोरं उठून नाचायला लागली. चार पावलं, पाचवा पाय हवेत. आणि पाय तसेच राहिले. ठेका थांबलाच नाही. सरळ पुढे गेला, डांबरी रस्त्यासारखा. पोरं एकमेकांवर आदळली आणि हसली.

आतून आईचा आवाज आला. "गोपाल, खट् कुठं गेला रे?" मी दारातून बघितलं. भाकर तिच्या हातावर होती आणि हात हवेत होता.

बाबा ओट्यावर बसले होते. यंत्राला कान लावून कोणतं बेअरिंग कोरडं पडलं ते सांगणारा माणूस. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, मग शांतपणे म्हणाले, "या पट्ट्याले जोडच नाही."

"बाबा, रेकॉर्डिंगमध्ये आवाज साफ करून घेतात," मी म्हणालो. "मीच वाजवलं आहे ना. दिवसभर वाजवलं. विचारा मन्याले."

"हो," मन्या टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाला. "साफ होऊन येते तो."

आणि मी ते मानलं. इथे मी स्वतःला सोडणार नाही. माझ्या कानांना पहिल्या मिनिटात कळलं होतं, पण मी कानांना गप्प बसवलं. पुढचा आठवडा मी गावात त्या कॅसेटच्या जोरावर फिरलो. पानवाल्यानं फुकट पान दिलं, ते खाल्लं. न्हाव्यानं विचारलं, "एवढा बरोबर ठेका कसा ठेवते रे भाऊ?" मी म्हणालो, "रियाज."

सौंसरला कॅसेटचा समारंभ ठरला. शाळेच्या मैदानावर, भर दुपारी, मांडव घालून. कॅसेटवाला येणार होता, आणि कार्यक्रम पसंत पडला तर मोठी कॅसेट तिथल्या तिथे पक्की होणार होती. आई-बाबा सकाळच्या बसनं आले. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. स्टेजच्या मागे मी ड्रमचे पडदे आवळत होतो, तर मन्या आला. त्याच्या एका हातात शाळेचा टेपरेकॉर्डर होता आणि दुसऱ्या हातात दोन पंचे. लाल काठाचे. आमच्याच कपाटातले.

"गोप्या, ऐक. लोकायले कॅसेटसारखंच पाहिजे. नुसता ठेका भरून आणला आहे, तो यातून वाजन. तू ड्रमवर हे पंचे बांधून घे आणि नुसते हात हलव."

"काहून? मी वाजवतो ना. मीच तं वाजवला आहे."

मन्यानं पंचे माझ्यापुढे धरले. विठ्ठल मागे उभा होता. तोच म्हणाला, "सांगून टाक मन्या. मले नाही पाहवत आता."

"कॅसेटवर मशीन आहे," मन्या म्हणाला. "ठेक्याची मशीन असते त्यायच्याकडे. मी आधी गेलो होतो ना, तेव्हाच कॅसेटवाला म्हणाला होता. लंगडा ठेका विकत नाही म्हणे."

"आणि माझा माइक?"

"चालू नव्हता."

"कोणत्या गाण्याले?"

"कोणत्याच नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर." मग तो एकदम घाईनं बोलायला लागला. "सांगणारच होतो बे. पण तू वाजवून राहिला होता तं तुझ्या तोंडावर इतका आनंद होता, का थांबवायची हिंमतच नाही झाली."

हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा उलटंपालटं करून बघितलं आहे. त्यात माया होती, हे मला कळतं. तिचाच मला जास्त राग येतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, सगळ्यांना ठाऊक आहे. सावरगावचा माणूस कपाळ फोडतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याचकडून आपण वांगी घेतो, कारण त्यानं दगड समोरून मारलेला असतो. आपल्या काठावरून, पाठीत आलेल्या दगडाचं काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

"मोठ्या कॅसेटमध्ये मी आहो का?" मी विचारलं. मन्या गिटारचा पट्टा खांद्यावर नीट करायला लागला.

माझ्या मुलांना मी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी तिचा शेवट असा केला आहे की मी ते पंचे फाडून फेकले आणि असा लंगडा ठेका वाजवला की सौंसर एका पायावर उभं राहिलं. ती मुलं आता मोठी झाली आहेत, आणि हे लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. मी पंचे घेतले. ड्रमवर बांधले. गाठी पक्क्या आहेत का तेही बघितलं. नाव पुकारलं गेलं, "ड्रमवर आपल्या सर्वांचे लाडके गोपाल," टाळ्या झाल्या, आणि मी स्टेजवर जाऊन हात हलवायला लागलो. झांज हाणल्यासारखी करायची आणि पाव इंचावर हात थांबवायचा. त्यालाही रियाज लागतो हो.

पहिलं गाणं पार पडलं. दुसऱ्या गाण्यात संत्र्याचा ट्रक उलटला, आणि त्याच क्षणाला लाइट गेली.

लाइट गेली म्हणजे काय ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. गिटार गप्प झाली, कीबोर्ड गप्प, मन्याचा आवाज मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंतही जाईना. कोणाला काही वाटलं नाही, वायरीची वाद्यं ती. पण स्टेजवर एक वाद्य असं होतं की ज्याला वायर नव्हती. आणि मी डोळे मिटून, मान हलवत, पूर्ण रंगात ते वाजवत होतो. आवाज येत होता तो फक्त गादी झटकल्याचा. थप, थप, थप. मी डोळे उघडले तेव्हा अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, ढोलाची बी लाइट गेली का बे!"

सौंसर असं हसलं की मांडवावरचे कावळे उडाले. मी काय केलं? पंचे फाडले नाहीत. मी खाली वाकलो आणि पेडलचा पट्टा निसटला आहे असं नाटक करत तो नीट करायला लागलो. बाबांनी बसवलेला पट्टा, तो कशाला निसटतो? आणि मी तसा वाकलेला असताना लाइट परत आली. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलेलंच होतं. माझे दोन्ही हात जमिनीवर, आणि ड्रम जोरात वाजायला लागला. सरळ, न अडखळता, बिनजोडाचा.

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कॅसेटवालाही हसत होता. मी वर बघितलं ते फक्त पहिल्या रांगेत. आई हसत नव्हती. ती माझ्याकडेही बघत नव्हती. ती ड्रमवरच्या लाल काठाच्या पंच्यांकडे बघत होती, जे तिनं स्वतः धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवले होते. मग तिची नजर मन्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे घरी होतो. जिन चालू होतं. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, जो आमच्याकडे व्याही-जावई आले तरच व्हायचा. मला वाटलं, माझी समजूत काढायला. ती दारात येऊन म्हणाली, "मन्या, खरं सांग. हे तुले कवापासून माहीत होतं?"

"नागपूरला एकटा गेलो होतो ना आत्या, तवापासून. रेकॉर्डिंगच्या आठ दिवस आधी."

"आठ दिवस," आई म्हणाली. "आठ दिवस माझ्या हातचं जेवून राहिला होता."

ती ओरडली नाही. धपाटा घातला असता तर बरं झालं असतं; मन्या पाठ पुढे करून उभा होता. ती आत गेली आणि मी बघितलं, तिनं फळीवरचं पितळेचं ताट काढलं. पदरानं पुसलं. जमिनीवर एकच पाट मांडला, त्याच्यापुढे ते ताट, बाजूला पाण्याचा तांब्या. आमची जर्मनची ताटं नेहमीसारखी भिंतीशी. मग ती पदर सारखा करून म्हणाली, "बसा मनोहरराव."

मन्याला आधी कळलं नाही. तो हसलासुद्धा. "आत्या, काय करून राहिली..."

"बसा ना. लाजू नका. आपलंच घर समजा."

तो पाटावर बसला. आम्ही त्याच्यासमोर जमिनीवर. आईनं त्याला वाढलं, ज्या आग्रहानं पाहुण्याला वाढतात त्या आग्रहानं. "घ्या ना अजून एक. तुमच्याकडे चांगलं होत असन, आमचं आपलं साधं आहे." मागे भिंतीपलीकडे पट्टा फिरत होता. मन्याचा घास हातात होता आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. बाबा खाली मान घालून जेवत होते. माझ्या मनात काय होतं? आदल्या दिवसापासून मी मन्याला मारायचे बेत करत होतो, आणि आता मला आईच्या पाया पडून सांगावंसं वाटत होतं की बस कर. जेवण झालं. मन्या ताट उचलायला वाकला. आईनं त्याच्या हाताला हातही लावला नाही, फक्त म्हणाली, "राहू द्या."

तिसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन गेला. आईनं दारात त्याच्या हातावर दही घातलं, नारळ दिला आणि शर्टाचं कापड दिलं. घरच्या माणसाला कोणी जाताना आहेर करतं का?

मोठी कॅसेट पुढच्या वर्षी निघाली, दहा गाण्यांची, नागपूरच्या तीन नव्या मुलांना घेऊन. बरी चालली म्हणतात. तिच्यावर माझं नाव नव्हतं. त्या बाबतीत ती छोटीपेक्षा प्रामाणिक निघाली. छोटी माझ्याकडे अजून आहे, पण ती वाजवायचं यंत्र आता घरात नाही. माझा मुलगा कॉम्प्युटरवर गाणी करतो. मागे त्यानं मला एक बटण दाखवलं. मशीनचा ठेका फार सरळ वाटला तर ते दाबायचं, मग तो जरा मागेपुढे होतो, माणसानं वाजवल्यासारखा. "बाबा, याच्याशिवाय आजकाल कोणी ऐकत नाही," तो म्हणाला. मी ते बटण बराच वेळ दाबून बघितलं. खट् काही आला नाही.

मन्याला मी माफ केलं होतं. कधी केलं ते आठवत नाही. लग्नकार्यात भेटत राहिलो, केस पिकत गेले, तसं झालं असावं. आई शेवटी शेवटी माणसं विसरायला लागली होती. मला बाबांच्या नावानं हाक मारायची, माझ्या बायकोला शाळेतली मैत्रीण समजायची. जिन कधीचं बंद पडलं होतं, तरी बसल्या जागी तिचा हात मांडीवर चार थापा मारून हवेत थांबायचा. अशात एकदा मन्या तिला भेटायला आला. तिच्या पायांशी जमिनीवर बसला, मुद्दाम, खुर्ची होती तरी. ती त्याच्याकडे पाहत राहिली. ओळखलं की नाही, कळेना. चहा झाला. मन्यानं आपला कप उचलला, मग तिचाही उचलला आणि विसळायला मोरीकडे निघाला.

आईचा हात मांडीवर थांबला होता. ती म्हणाली, "राहू द्या मनोहरराव. पाहुण्यानं कप उचलू नये."